गूळ खाणारी पलटण

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागेच्या कडेला, गोठ्याच्या मागच्या अंगास, जिवाणू वाढविण्याची एक बाटली मध्यंतरी उभारण्यात आली होती. बाटली सिमेंटची होती. तिच्यात दोन म्हशी आरामात डुंबल्या असत्या. उभारणाऱ्या गृहस्थास आपण काय उभारले आहे याची सुतराम कल्पना नव्हती. आणि अशी बाटली ओळखण्यासाठी जिला आयुष्यभर पगार मिळत आला, ती बाई त्या बाटलीचे कौतुक ऐकत त्याच गृहस्थाच्या सोप्यात बसून तिसरी करंजी खात होती.

ती बाई मी. गृहस्थ माझा थोरला भाऊ.

आधी माझ्या धंद्याचं सांगते, कारण तो कळल्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही. मी तेलविहिरींच्या पाण्याची तपासणी करते. समुद्राखालचं तेल काही वर्षांनी दमतं, आपणहून वर येईनासं होतं. मग शेजारच्या विहिरीतून समुद्राचं पाणी जोरात खाली दाबतात आणि ते पाणी तेलाला वर ढकलतं. इथपर्यंत सगळं गोड. पण समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं आणि तिथं खाली हवा नसते. आपण श्वासातून हवा घेतो, तसे काही जिवाणू सल्फेटवर जगतात. आपण उच्छ्वास सोडतो, तसा ते एक वायू सोडतात. नासक्या अंड्यासारखा वास असलेला हा वायू लोखंडी पाइप खातो, तेल खराब करतो आणि माणूस बेसावध असेल तर माणसालाही उभ्याचा आडवा करतो. हा वायू तेलात शिरला की आमच्यात म्हणतात, तेल आंबलं.

हे मी वहिनींना पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी अगदी काळजीनं विचारलं होतं, "वन्सं, तेल आंबाय तेच्यात कुनी ताक घातलं हुतं?"

हे जिवाणू पकडायची आमची रीत मात्र साधी आहे. अंगठ्याएवढी काचेची बाटली. तिच्यात त्यांच्या आवडीचं जेवण, थोडं सल्फेट, एक लोखंडी खिळा. वर घट्ट रबरी बूच, हवा शिरू नये म्हणून. तपासायचं पाणी सुईनं आत सोडायचं, बाटली उबेला ठेवायची आणि वाट बघायची. काळी पडली की समजायचं, मंडळी हजर आहेत. अशा काळ्या बाटल्या बघण्यात माझे केस पांढरे झाले.

आणि दिसले की मारायचे. माझ्या नोकरीची पहिली अनेक वर्षं मारण्यात गेली. आज हे औषध, पुढच्या आठवड्यात ते, म्हणजे त्यांना सवय होऊ नये. पण हे जिवाणू पाइपाच्या आतल्या बाजूला चिकट थर करून त्याच्याखाली राहतात, रजई घेतल्यासारखे. औषध वरून वाहून जातं. चार दिवसांनी ते रजईतून डोकं काढतात आणि पुन्हा कामाला लागतात.

आता माझा दादा. हा फौजेतून नायब सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि आल्या आल्या द्राक्षबागेत त्यानं शिस्त आणली. वेलींच्या ओळी तर सरळ होत्याच, गाईसुद्धा त्यानं उंचीप्रमाणे बांधल्या. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी फ्रॉकात असताना तो सुट्टीवर यायचा आणि मला अंगणात उभी करून सावधान-विश्राम करायला लावायचा. माझ्या खांद्याला पट्टी म्हणजे बंदूक. आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे हा एवढा एकच माणूस.

तर या माणसाला जिवाणूंचं वेड लागलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात कालवायची, चार-सहा दिवस मुरवायची आणि ती स्लरी वेलींना द्यायची. त्यातले जिवाणू म्हणजे त्याची पलटण. गूळ हे त्यांचं रेशन. सकाळ-संध्याकाळ लांब काठी घेऊन एकाच दिशेनं ढवळायचं, ती त्यांची परेड.

यावरून आमची फोनवर वर्षानुवर्षं जुंपायची.

"तू किती मारलीस आज?" तो विचारायचा.

"मोजता येत नाहीत इतकी. तू?"

"मी पोसली. मोजता येत न्हाईत इतकी."

मग एकदा त्यानं जे म्हटलं ते माझ्या डोक्यात राहिलं. मी वैतागून सांगत होते की मारून मारून थकलो, तरी संपत नाहीत. तो म्हणाला, "मारून कुठं संपत्यात गं! त्यांच्या शेजारी दुसरी पलटन बशीव. ती जास्त खाईल अशी. ह्यांचं रेशन ती खाऊन टाकंल. उपाशी फौज काय लढती?"

मी हसले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना त्याची नक्कल करून दाखवली. मला नकला बऱ्या जमतात.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे नवीन पद्धत आली. खाली दाबायच्या पाण्यात नायट्रेट घालायचं. त्यावर दुसऱ्याच जातीचे जिवाणू वाढतात आणि ते या वास सोडणाऱ्यांच्या तोंडचा घास काढून घेतात. बैठकीत हे समजावून सांगणाऱ्या तरुण इंजिनिअरकडे बघताना माझ्या कानात दादाचा आवाज येत होता. मी त्या पद्धतीला विरोध केला. कारणं शास्त्रीय दिली. खरं कारण असं की माझ्या थोरल्या भावाचं बरोबर निघणं मला कुठल्याच वयात परवडलेलं नाही. पद्धत लागू झाली. हळूहळू वास कमी होत गेला. दादाला हे मी सांगितलं नाही.

आता त्या दिवाळीकडे येते.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पोहोचले. अंगणात पाऊल टाकलं आणि मला तो वास आला. अगदी पुसट. हा वास मी हजारांत ओळखीन. पण मनात पहिला विचार आला तो असा, की मी हा कपड्यांतून नोकरीवरून आणला. नवऱ्याची ही कायमची तक्रार आहे. मी साडी बदलली आणि विषय संपवला.

जेवायच्या आधी वहिनींनी पाय पुढं केला. "बगा वन्सं. चांदीची जोडवी हायत का कोळशाची?"

जोडवी काळीकुट्ट झाली होती. चिंचेनं घासली की दोन दिवस उजळायची, पुन्हा काळी.

"सोनारानं फशिवलं," दादा आतून गरजला. "मी गेलो हुतो त्येच्याकडं. म्हटलं, फौजी मानसाला भेसळ इकतोस? तर म्हनतोय, घरात काय वापरता? चोराच्या उलट्या बोंबा!"

मी काय केलं असेल? मी हसले आणि चांदी काळी का पडते यावर एक छोटंसं, रंगतदार व्याख्यान दिलं. गंधकाचा वायू, चांदीवर बसणारा पातळ थर, वगैरे वगैरे. वहिनी मान डोलवत होत्या. एवढं सगळं बोलून मी हा वायू या घरात आला कुठून, हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. किस्सा चांगला जमला होता, तो संपवून मी ताटावर बसले.

जेवताना दादानं नव्या हौदाचं कौतुक सुरू केलं. पूर्वी स्लरी पिपात व्हायची. आता गोठ्यामागं जमिनीत सिमेंटचा हौद बांधला, आत पंप बसवला. खांदा दुखतो म्हणून ढवळणं बंद. माशा होतात आणि वास येतो अशी वहिनींची कटकट, म्हणून वर लोखंडी झाकण घट्ट बसवलं.

"आन् ह्या खेपंला मी एक डोकं चालिवलं," तो म्हणाला. "खालच्या अंगाची जमीन क्षारपड झालीया. तिथं जिप्सम टाकायचंच हाय. म्हटलं वेगळं कशाला? स्लरीतच वतलं दोन पोती."

जिप्सम म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, सल्फेटच. गूळ म्हणजे जेवण. वर झाकण, म्हणजे बूच. ढवळणं बंद, म्हणजे हवा बंद. लोखंडी खिळ्याच्या जागी पंप. माझ्या बाटलीची सगळी कृती तो माझ्यासमोर एकेक करून सांगत होता आणि मी म्हणत होते, "वहिनी, करंज्या काय खुसखुशीत झाल्यात!"

हे मी पुढं कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. मला माहीत नव्हतं असं नाही. नाकाला माहीत होतं, डोळ्यांना माहीत होतं, तोंडानं तर व्याख्यानही दिलं. नोकरीवर असते तर तिथल्या तिथे शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं असतं. पण माहेरी आले की मी ती बाई राहत नाही. मी धाकटी होते, आणि धाकटी जेवते, हसते आणि किस्से सांगते.

भाऊबीजेच्या सकाळी मी सोप्यात ओवाळणीचं ताट लावत होते. अजून न पेटवलेलं निरांजन, सुपारी, अक्षता, वहिनींचा चांदीचा कुंकवाचा करंडा. पाट मांडला, रांगोळी घातली. भाऊ मात्र गायब.

"दादा कुठाय?"

"आंगोळ करायच्या आदी हौदातलं काम उरकतो म्हनले," वहिनी चुलीपाशून म्हणाल्या. "पंप पानी उचलीना. आत उतरून जाळी साफ करत्यात. घान काम हाय, मग एकदमच न्हातो म्हनले."

मी ताट घेऊनच परसात गेले. का, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक त्याला चिडवायला.

हौदाचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं. शिडी आत सोडलेली. दादा शिडीवर कमरेइतका आत, जुन्या बनियनवर, खाली वाकून बघत होता. डोळे लाल झालेले आणि पाण्यानं भरलेले.

"दादा, रडतोस काय?"

"डोळं चुरचुरत्यात गं, कांदा चिरल्यागत. झाकान काढलं तवा लय मारत हुतं. आता न्हाई. वास गेला समदा." आणि त्यानं आणखी एक पायरी खाली पाय टाकला.

वास गेला.

माझ्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे शिकवतात, ते एवढंच असतं. हा वायू थोडा असतो तोवर नाकाला कळतो. वाढला की तो आधी नाक मारतो. वास येतोय तोवर माणूस पळू शकतो. वास गेला, म्हणजे वायू गेला असं नव्हे.

मला त्याला समजावून सांगायचं होतं. तेवढा वेळ नव्हता. आणि मग जे बाहेर पडलं, ते त्या फ्रॉकातल्या मुलीचं होतं. मी पोटाच्या देठापासून ओरडले,

"परेड, थम! सावधान!"

दादा जागच्या जागी ताठ झाला. शिडीवर, हौदाच्या तोंडात, हात बाजूला चिकटवून. एवढ्या वर्षांची सवय. विचार करायला डोक्याकडे जावंच लागलं नाही.

"पीछे मुड!" मी पुन्हा ओरडले.

शिडीवर पीछे मुड कसं करायचं, हे कुठल्याही पलटणीत शिकवत नसावेत. पण तो कसाबसा वळला, दोन पायऱ्या चढला आणि मी ताट टाकून त्याच्या बनियनला धरून त्याला बाहेर ओढलं. वारा येत होता त्या बाजूला नेऊन बसवलं. त्याचं डोकं गरगरत होतं. "काय झालं, काय झालं" करत वहिनी धावत आल्या. वाटेत करंडा, सुपारी, अक्षता, सगळं शेणात पडलेलं.

"काय गं, येड लागलं का?" दादा दम खात म्हणाला. "वास न्हाई म्हनलं न्हवं तुला?"

"वास आहे. तुझं नाक नाही."

त्याचा विश्वास बसेना. वहिनींना लगेच उपाय सुचला, "निरांजन सोडून बगूया का आत? इहिरीत कंदील सोडत्यात तसं?" मी त्यांचा हातच धरला. हा वायू पेट घेतो. मग मी शेणातला चांदीचा करंडा उचलला, धुतला, पुसून लखलखीत केला आणि दोरीला बांधून लांबूनच, काठीच्या टोकावरून, हौदात सोडला. वहिनींचा जीव वरखाली होत होता, त्यांच्या माहेरचा करंडा. थोड्या वेळानं वर ओढला, तर काळा.

वहिनींनी आधी करंड्याकडं बघितलं. मग स्वतःच्या पायांकडं. मग नवऱ्याकडं. रोज गोठ्यात जाताना-येताना त्या हौदाच्या झाकणाशेजारून जायच्या. त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी स्वतःची पावलं धरून राहिल्या.

दुपारपर्यंत आम्ही हौदाचा बंदोबस्त केला. बागेत औषध मारायचा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर दादानं वाऱ्याच्या बाजूनं लावला आणि हौदाच्या तोंडावर हवा सोडली. पंपाचा पाइप वरूनच दोरानं ओढून काढला. जाळी बाहेर बसून साफ झाली. म्हणजे आत उतरायची गरज मुळात नव्हतीच. दादानं ठिबकच्या नळ्या धुवायचं ॲसिड आणायची भाषा केली तेव्हा मला दुसऱ्यांदा ओरडावं लागलं, कारण ॲसिड पडलं असतं तर उरलासुरला वायूही वर उसळला असता. झाकणाच्या जागी माशा अडवायला हिरवी शेडनेट ताणली. लांब बांबू आणला.

मग मी खताच्या खोलीत गेले. भिंतीला लागून कॅल्शियम नायट्रेटची पोती रचलेली होती. द्राक्षवाल्याकडे ती असतातच, मणी फुगायला लागले की देतात. तेच नायट्रेट, ज्याच्यावरून मी भर बैठकीत भांडले होते. समुद्रात ते आणायला आम्हाला केवढा खटाटोप करावा लागतो, आणि इथं त्या पोत्यांवर मांजर झोपलं होतं.

"ह्ये कशाला?" मी थोडं मोजून हौदात सोडत होते तेव्हा दादानं विचारलं.

आता सांगणं भाग होतं. "दुसरी पलटण बसवतेय. ती जास्त खाते. वास सोडणाऱ्यांचं रेशन ती खाऊन टाकेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. "ह्ये तर मी म्हनलो हुतो."

"हो."

"आन् तू हसली हुतीस."

"हो. आणि नंतर आमच्याकडे तेच सुरू केलं."

"कवा?"

"झाली काही वर्षं."

त्याला केवढा आनंद झाला, हे सांगायला माझ्याकडे शब्द आहेत पण मी ते वापरणार नाही. मरता मरता वाचलेला माणूस त्या आनंदात आपण वाचलो हे विसरला. बांबू उचलून तो ढवळायला लागला, एकाच दिशेनं, तालात. मी बांधावर बसून बघत राहिले. ही काठीची परेड म्हणजे मला नेहमी त्याची हौस वाटायची. तिच्यामुळे रोज दोन वेळा हौदात हवा शिरत होती. हवा शिरली की या काळोखातल्या मंडळींचं काही चालत नाही. खांदा दुखला, झाकण बसलं, आणि त्यांचे दिवस आले. त्यांना दोष तरी काय द्यायचा? पृथ्वीवरच्या हवेत प्राणवायू नव्हता तेव्हापासून ते इथं आहेत. आपण कुठं तरी अंधार करतो, दार लावतो, आणि ते आपलं घर समजून येतात. मी त्यांना आयुष्यभर शत्रू म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, यांची ओळख ठेवली तर पुरे. जेवताना कुणी जिप्समचं नाव काढलं, तर घास खाली ठेवण्याइतकी ओळख.

ओवाळायला तिन्हीसांज झाली. दादाला नाकात वास पुन्हा यायला लागला होता. उदबत्तीचा आला तेव्हा त्यानं ते सगळ्यांना ओरडून सांगितलं. कुंकू मी वाटीतून लावलं, करंडा अजून काळा होता.

दोन दिवसांनी आम्ही तिघं तासगावात सोनाराकडे गेलो. दादाला माफी मागायची होती आणि तो रस्ताभर तोंडातल्या तोंडात तालीम करत होता. दुकानात शिरून तो टाचा जुळवून उभा राहिला.

"तुमची चांदी खरी हुती. मी वाईट बोललो. माफ करा."

सोनार म्हातारा, चष्म्यावरून बघणारा. "आवं सुभेदार, मी इचारलं तवाच सांगायचं हुतं न्हवं, घरात काय वापरता ते!"

"काय वापरतो ते मलाच ठाव न्हवतं," दादा म्हणाला.

सोनारानं काळा करंडा उजळायला घेतला. मग वहिनींना दुसरी जोडवी घालायला दिली, सवाष्णीचा पाय मोकळा नको म्हणून, आणि त्यांची काळी जोडवी हातात घेतली. "वहिनी, मी काय म्हनतो, ही राहू द्या. नवी न्या. हल्ली एक येती, वरून मुलामा असतो, कवाच काळी पडत न्हाई. जन्मभर बघाय नगं."

दादा खूश झाला. "द्या. तीच द्या."

वहिनींनी हात पुढं करून सोनाराच्या मुठीतून आपली जोडवी जवळजवळ हिसकावून घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत नवऱ्यापुढं आवाज चढवताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"नगं! काळी न पडनारी मला नगंच! हीच लख्ख करून द्या. परत काळी पडली तर मला कळाय पायजे, ह्यांनी हौदावर पुन्यांदा झाकान घातलंय!"